मूळ दुकान नापास

तीर्थस्वरूप वन्सं,

नमस्कार. वाकूनच केला आहे, पण गुडघ्यामुळे अर्ध्यावर थांबावं लागलं. उरलेला अर्धा भेटीत पुरा करीन.

बटणांची बरणी फुटली होती ती दुपार तुम्हाला आठवते का? मी घरात नवी होते आणि रफूच्या दुकानात त्याहून नवी. फळीवरून पांढरं रीळ काढताना माझं कोपर लागलं आणि ती मोठी काचेची बरणी खाली आली. बटणं मशीनखाली गेली, कपाटामागे गेली, काही रस्त्यावर गेली, आणि एक समोरच्या कुलूपवाल्याच्या चहात पडलं (असं तो अजून सांगतो, चहा रस्त्याच्या पलीकडे होता, पण कुलूपवाल्याची कुठलीच गोष्ट रस्त्याच्या अलीकडे थांबत नाही). मला वाटलं, आता बोलणी बसणार. शाळेत असते तर सिस्टरनी मला भिंतीकडे तोंड करून उभं केलं असतं आणि वर हस्ताक्षराच्या दोन पाट्या. तुम्ही मशीन थांबवलंत, माझ्याशेजारी जमिनीवर बसलात आणि म्हणालात, "चार भोकांची इकडे, दोन भोकांची तिकडे, आणि बिनभोकाची मॅडमकडे. म्हणजे मॅडमना काम नको." कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली भावजय आली म्हणून तुम्ही मला मॅडम म्हणायला लागलात ते त्या दुपारपासून. ती दुपारभर आपण बटणं निवडली. गिऱ्हाईक आलं नाही, कोणी फारसं बोललंही नाही, जमिनीवरचं ऊन तेवढं आपल्या पायांपासून भिंतीपर्यंत सरकलं. झालं म्हणाल तर काहीच झालं नाही. एवढंच, की संध्याकाळी शटर ओढताना मी पहिल्यांदा 'तुमचं दुकान' न म्हणता नुसतं 'दुकान' म्हणाले. तुमच्या लक्षात आलं होतं. तुम्ही मुद्दाम कुलपाशी खुडबुडत राहिलात.

असो. प्रकृती कशी आहे? मुलाकडची हवा मानवते ना? नात 'आजी' म्हणते की अजून तिच्या भाषेत 'जाजी'च? सूनबाईंना खिडक्या उघड्या लागतात की लावलेल्या, हे एका ओळीत कळवा. सहज विचारते. माझं म्हणाल तर सर्दी सोडून सगळं ठीक आहे. सर्दीचं कारण पुढे येईल.

आधीच सांगून टाकते, हे पत्र तुम्हाला परत बोलावण्यासाठी नाही. जाताना तुम्ही म्हणालात, "आता बोलावणं आलं तरी येणार नाही." तेव्हा मी बोलावणंच पाठवलं नाही, म्हणजे तुमचा शब्द मोडायचा प्रश्नच नाही. पण तुम्ही गेल्यापासून इथे जे घडलं ते तुम्हाला कळवणं माझं काम आहे, कारण तुम्ही नसतानाही त्यात सगळीकडे तुम्हीच आहात. अगदी सुरुवातीपासून सांगते. (सुरुवात तुम्ही पाहिलेली आहे, हो. पण ती तुम्ही रागात पाहिलीत, आणि रागात माणसाला एकाच डोळ्याने दिसतं. दुसऱ्या डोळ्याचं मी लिहिते.)

सरकारच्या मनात आलं की देशात फ्रँचायझीचा धंदा वाढला पाहिजे. बाहेरच्या मोठमोठ्या दुकानांच्या शाखा आपल्याकडे गल्लोगल्ली निघतात, पण आपल्याकडचं चांगलं चाललेलं दुकान काही गाव ओलांडत नाही. ज्याने काढलं त्याच्याबरोबर ते चालतं आणि त्याच्याबरोबरच संपतं. तेव्हा सरकारने शाखाविस्तार मंडळ नेमलं आणि मंडळाने आमची सभा बोलावली. तुम्ही "माझे काज राहिलेत" म्हणून आला नव्हता. सभागृहात झाडून सगळे छोटे दुकानदार होते. व्यासपीठावर ते साहेब उभे राहिले, ज्यांना तुम्ही पुढे 'मोजणीसाहेब' नाव ठेवलंत. इतका तळमळीने बोलणारा सरकारी माणूस मी पाहिलेला नाही. ते म्हणाले, दुकान चांगलं चाललं तर ते एक दुकान. पण त्याची रीत नीट लिहून काढली आणि दुसऱ्याच्या हातात दिली तर पन्नास गावांत पन्नास घरं उभी राहतात. आपली रीत आपल्याबरोबर नेऊ नका हो, ठेवून जा.  लगेच कुलूपवाला उठला आणि त्याने विचारलं, "साहेब, माझ्या सगळ्या शाखांत सगळं सारखंच पाहिजे ना? मग किल्लीसुद्धा एकच चालेल का?" सभा हसली. साहेबांनी मात्र ते गंभीरपणे लिहून घेतलं.

 माझं लक्ष त्यांच्या कोटाच्या मधल्या बटणाकडे होतं. ते एका दोऱ्यावर लोंबत होतं आणि साहेबांनी हात उंचावला की गिरकी घेत होतं. 'राष्ट्र' म्हटलं की एक गिरकी, 'उद्योग' म्हटलं की दुसरी. सभा संपल्यावर न राहवून मी त्यांना गाठलं आणि म्हटलं, "साहेब, तुमचं बटण पडणार आहे, दुकानात या." (आपल्या दुकानाची निवड गुणवत्तेच्या निकषांवर झाली, असं मंडळाच्या पत्रात छापलं आहे. ती एका बटणावर झाली.) पुढचं तुमच्यासमोरच घडलं. तुम्ही बटण लावलंत, कोट उलटा करून त्यांच्यापुढे धरलात आणि रोज प्रत्येकाला म्हणता तेच म्हणालात, "उलटी बाजू बघा. सुलटी कोणीही बघतं." त्यांनी पाहिलं. आत गाठ दिसेना. सिस्टर आम्हाला चॅपेलमधली रंगीत काच दाखवायच्या तेव्हा आमची तोंडं जशी व्हायची, तसं साहेबांचं तोंड झालं.

मग ते रोज यायला लागले. गिऱ्हाइकाच्या त्या लंगड्या स्टुलावर बसून त्यांनी टेप काढला आणि टेबलाची उंची, कात्रीची लांबी, दारापासून आरशापर्यंतचं अंतर सगळं मोजलं. तुम्ही विचारलंत, "काय साहेब, दुकानाला कोट शिवायचाय का?" तेही त्यांनी लिहून घेतलं. त्यांना वाटलं, हे आपण गिऱ्हाइकाला म्हणतो. आणि मग खिडकीवरून आपलं झालं. रोजचंच. मी म्हटलं, हवा येऊ द्या; सिस्टर म्हणायच्या, उघडी खिडकी म्हणजे निरोगी मन. तुम्ही म्हणालात, तुझ्या सिस्टरला रफू करायला लागत नव्हतं. हवा येते आणि दोरा घेऊन जाते. मी उघडली, तुम्ही लावलीत, मी उघडली. साहेब टेप गळ्यात टाकून भराभर लिहीत होते. तुम्ही त्यांच्या खांद्यावरून वाकून पाहिलंत आणि तिथेच बिनसलं. "हात छापता येत नाही, साहेब," तुम्ही म्हणालात, "आणि भांडण छापलं तर ते भांडण राहत नाही." मग माझ्याकडे वळून, "तू कर सही, मॅडम. मला कोणाच्या पुस्तकातला धडा व्हायचं नाही." बोटातलं अंगुस्तान खिशात टाकलंत आणि चार दिवसांसाठी म्हणून मुलाकडे गेलात. त्या चार दिवसांत इथली झाडं पानं टाकून पुन्हा नव्या पानांवर आली, वन्सं.

मी मंडळाच्या करारावर सही केली. कशासाठी ते तुम्ही विचारलं नाहीत, म्हणून आता सांगते. मला मूल नाही. तुमचा मुलगा गुणी आहे, पण सुई दिसली की लस टोचून घ्यायची असल्यासारखा बाही वर करतो. आपण दोघी गेल्यावर ते शटर कोण वर करणार, या विचाराने मी किती वेळा मशीन मधेच थांबवलं आहे. साहेब म्हणाले, 'आपली रीत ठेवून जा.' मला वाटलं, ठेवून जायला दुसरं काय आहे आपल्याकडे?

तर साहेबांच्या टिपणांची पुस्तिका छापून आली. जाड, निळ्या पुठ्ठ्याची, पहिल्या पानावर ठळक अक्षरांत तुमचं वाक्य: उलटी बाजू बघा. पुढे मात्र, वन्सं, साहेबांनी जे जे पाहिलं ते ते सगळं रीत समजून लिहिलं आहे. स्टूल डावीकडे झुकतं, ते 'गिऱ्हाइकाने अदबीने, थोडं पुढे झुकून बसावं म्हणून'. काम घेण्याआधी मी चष्मा शोधते आणि तो माझ्या डोक्यावरच असतो, तर 'कारागिराने चष्मा शोधावा. गिऱ्हाइकाने तो दाखवून द्यावा. यामुळे ओळख वाढते'. पान सव्वीसवर अख्खं खिडकीचं भांडण आहे, दोन खुर्च्या, दोन बायका, कोणी आधी काय म्हणायचं यासकट. खाली तळटीप: आवाज चढावा, पण हातातलं काम थांबू नये. मी ते वाचून इतकी हसले की कुलूपवाला रस्ता ओलांडून बघायला आला. मग पान पुन्हा पहिल्यापासून वाचलं. एखाद्या परक्या माणसाने आपल्याकडे इतक्या बारकाईने कधी पाहिलं होतं हो? आपण तरी पाहिलं होतं का?

पहिली शाखा नदीपलीकडच्या गावात दोघी जावांनी घेतली. त्यांची गोष्ट अशी, की सासऱ्यांची एक खोली दोघींच्या वाट्याला आली होती. मधे पडदा. पडद्याच्या एका बाजूला थोरली फॉल-पिको करायची, दुसऱ्या बाजूला धाकटी उशांचे अभ्रे शिवायची, आणि दोघींत बोलणं नव्हतं. (कारण विचारलं तर थोरली एक सांगते, धाकटी दुसरं, आणि दोन्ही कारणं एकाच शिलाई मशीनपाशी येऊन थांबतात.) मंडळाची अट होती, दोन खुर्च्या समोरासमोर हव्यात. म्हणून पडदा निघाला. एवढ्या एका कारणासाठी निघाला.

साहेब मला ती शाखा दाखवायला घेऊन गेले. मी बसमधून उतरले, दाराशी गेले आणि तिथेच थबकले. आपलंच दुकान! टेबल तिथे, आरसा तिथे, रिळांची फळी तशीच. मी स्टुलावर बसले तर डावीकडे झुकले. सुताराने असं लंगडं स्टूल करायला साफ नकार दिला होता म्हणे, माझं नाव खराब होईल म्हणाला. शेवटी त्याला पुस्तिकेवरचा सरकारी शिक्का दाखवावा लागला, तेव्हा त्याने डोळे मिटून एक पाय कापला. थोरलीची नजर इतकी चांगली, की नदीच्या अलीकडची पाटी वाचेल. पण तिने बिननंबरचा चष्मा आणला आहे आणि तो डोक्यावर ठेवून ती मोठ्या निष्ठेने शोधते. मी तो दाखवला. खरोखरच ओळख वाढली.

आणि भिंतीवर तुमचा भाऊ. मी खोटं सांगत नाही. पुस्तिकेत दुकानाचा फोटो आहे ना, त्यात भिंतीवर ह्यांची तसबीर आहे, आपल्याकडे ती खिळ्यामुळे तिरकी राहते तीच. त्या बायांनी तेवढा भाग मोठा करून, चौकट करून, तितकाच तिरका लावला आहे. धाकटीने मला मोठ्या आदराने सांगितलं, "हे आमचे संस्थापक. रफूची ही पद्धत यांनीच शोधली." वन्सं, ज्या माणसाला जन्मात सुईत दोरा ओवता आला नाही! रेल्वेची सगळी वेळापत्रकं पाठ, आणि गाव सोडून कधी गेले नाहीत. स्टेशनवर जायचे ते गाड्या बघायला.  मी मनात ह्यांना म्हटलं, निघालात एकदाचे प्रवासाला. आणखी शाखा निघाल्या तर तुम्हाला ठिकठिकाणी उतरावं लागेल. मग चष्मा पुसायचं निमित्त करून मी तोंड फिरवलं. (माझा चष्मा, अर्थातच, डोक्यावर होता.)

तेवढ्यात त्यांचं पान सव्वीस सुरू झालं. थोरली म्हणाली, "खिडकी उघड गं, हवा येऊ दे." धाकटी म्हणाली, "हवा येते आणि दोरा घेऊन जाते." अगदी तुमच्या सुरात, जणू तुम्हीच जाऊबाई झाला आहात. गिऱ्हाइकं सरसावून बसली. दोन बाया तर काही काम नसताना नुसत्या त्यासाठीच आल्या होत्या. थोरली म्हणाली, "तुझ्या दोऱ्याला पंख आहेत का?" हे पुस्तिकेत नाही. साहेब पानं उलटून शोधायला लागले. धाकटी म्हणाली, "दोऱ्याला नाहीत, तुमच्या जिभेला आहेत, जाऊबाई." थोरली म्हणाली, "हे सव्वीसवर नाहीये हं!" धाकटी म्हणाली, "सव्वीसवर तुम्ही तरी कुठे आहात!" आणि दोघी हसायला लागल्या. थोरलीला हसता हसता ठसका लागला तर धाकटीने उठून पाणी दिलं आणि जाता जाता खिडकी उघडली. हरली ती, पण आपणहून.

नंतर धाकटी मला बाजूला घेऊन म्हणाली, "आमच्यात शब्द नव्हता हो. काय बोलायचं तेच सुचायचं नाही. पुस्तिकेने वाक्यं दिली म्हणून तोंड उघडलं. सुरुवातीला वाचून वाचून भांडायचो. आता पुस्तिका कपाटात असते." तुमचं म्हणणं मला तेव्हा आठवलं, वन्सं. हात छापता येत नाही, हे तुमचं शंभर टक्के खरं. पण भांडण छापता येतं. आणि ते छापलेलं भांडण कुणाच्या घरी जाऊन पुन्हा खरं होतं, हे तुम्हालाही ठाऊक नव्हतं आणि मलाही.

हाताचं तुमचं खरं, ते असं कळलं. धाकटीने एक रफू केलेली बाही माझ्यापुढे ठेवली. वरून बरी होती. मी उलटी केली, तर आत उंदराने संसार थाटलेला. बिचारी म्हणाली, "गिऱ्हाइकाला उलटी बाजू बघा म्हणायची वेळ आली की मी खोकते. त्यांना वाटतं, बाई आजारी आहे, जाऊ द्या." तिने पुस्तिकेचं शेवटचं प्रकरण उघडून दाखवलं. वर नाव: शिक्षण. खाली एकच ओळ: मूळ दुकानातील ज्येष्ठ कारागिराकडून, शेजारी बसून. आणि मग कोरं पान. साहेबांनी लिहिलंच नाही काही. मी त्यांना विचारलं तर म्हणाले, "त्या कशा करतात ते मी पुष्कळ पाहिलं, बाई. मला ते शब्दांत पकडता आलं नाही, म्हणून जागा सोडली." मी धाकटीला मला येतं तेवढं दाखवलं. पण माझ्या बोटांत आधी सिस्टरच्या भरतकामातली डेझीची फुलं शिरली आणि मग तुमचा टाका. मी दाखवते ती तुमची नक्कल, आणि नकलेवरून नक्कल काढली की किती पुसट येते ते तुम्ही जाणता. ती मुलगी रोज खोकते आहे. अशाने गिऱ्हाईक किती दिवस राहील?

आता सर्दी. मंडळाचा नियम आहे की शाखा तपासण्याआधी मूळ दुकान तपासायचं. साहेब पुस्तिका घेऊन आले, तुमच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला. दोन खुर्च्या, दोन कारागीर: नाही. खिडकीचा संवाद: नाही. 'उलटी बाजू बघा': मी म्हटलं, पण साहेब म्हणाले, तुम्ही विनंती केल्यासारखं म्हणता. थोडक्यात, आपलं दुकान आपल्यासारखं नाही म्हणून नापास झालं. मी म्हटलं, "पुस्तिका बदला की." तर ते खिन्नपणे म्हणाले, "मूळ बदलता येईल, बाई. पुस्तिका छापून झाली आहे." पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी पुन्हा तपासणी आहे. त्यातही नापास झालो तर नवीन शाखा बंद, आणि नदीपलीकडची परवानगीही जाईल. म्हणजे पडदा परत लागेल.

आम्ही उपाय केले नाहीत असं नाही. कुलूपवाला तुमच्या खुर्चीत बसायला आपणहून आला. मी खिडकी उघडली की त्याने ती लावायची एवढंच होतं. त्याने ती इतक्या जोरात लावली की पुन्हा उघडायला त्यालाच पान्हा आणावा लागला, आणि मग म्हणाला, बाई, मला लावता येतं, भांडता येत नाही. मग साहेब स्वतः बसले. मी खिडकी उघडली. ते उभे राहून म्हणाले, "आपली हरकत नसेल तर ही लावू का?" मी म्हटलं, "लावा." भांडण संपलं. दोघांनाही फार अवघडल्यासारखं झालं. तेव्हापासून खिडकी दिवसभर उघडी असते. लाव म्हणणारं कोणी नाही. इतकी वर्षं ज्यासाठी भांडले ते सगळं मला मिळालं, वन्सं, आणि मी सकाळपासून शिंकते आहे. दोरा खरंच जातो हो. काल एक अख्खं निळं रीळ उलगडत रस्त्यापर्यंत गेलं.

पण काळजी करू नका, मी काहीतरी मार्ग काढीन. तुम्ही नातीबरोबर आनंदात राहा. तिकडच्या थोरांना माझा नमस्कार, धाकट्यांना पापे. आणि मधल्या वयाच्या माणसांना पत्रातून काय पाठवायचं ते मला अजून कळलेलं नाही, तेव्हा त्यांना माझी आठवण सांगा.

तुमची,
मॅडम

ता. क. मी तुम्हाला बोलावत नाही, हे वर लिहिलंच आहे. घाईत वाचताना ते निसटू नये म्हणून पुन्हा लिहिलं.

आणखी एक ता. क. तुमच्या खुर्चीची वेताची बैठक नवीन विणून घेतली आहे. वेत सैल होता म्हणून. दुसरं काही कारण नाही.

आणखी एक. सोमवारच्या आधीच्या गुरुवारी दोघी जावा आपल्या दुकानात येणार आहेत. धाकटीने विचारलं, शेजारी बसून कोण शिकवणार, तर मी म्हटलं, आमच्या वन्सं. ती विचारते, त्या रागावतील का? मी म्हटलं, पहिल्या टाक्याला रागावतील, दुसऱ्या टाक्याला तुझ्या हातून सुई घेतील, आणि तिसऱ्याला तू त्यांना सोडणार नाहीस. मी हे कोणत्या अधिकारात सांगितलं, असं विचाराल. कोणत्याच नाही. सांगून बसले आहे. ते कोरं पान साहेबांनी माझ्यासाठी ठेवलेलं नाही.

शेवटचं. पत्राबरोबर एक पुडकं आहे. त्यातला पिवळा स्वेटर नातीचा. बाह्या लांब ठेवल्या आहेत, थंडी येईतो ती वाढेल. बिनभोकाची बटणं, त्या दुपारी खरंच निघाली ती चार-दोन, तीही तिलाच द्या, तिलाही अजून काम नको. डेझीची फुलं काढलेला टेबलक्लॉथ सूनबाईंना; उलटी बाजू बघू नका म्हणावं. मुलाला लहान कात्री. वर्तमानपत्राची कात्रणं काढायला उपयोगी पडेल, त्यात सुई लागत नाही. निळ्या पुठ्ठ्याची पुस्तिका घरात सगळ्यांनी वाचावी, पान सव्वीस मोठ्याने.

आणि तळाशी रुमालात बांधलेली खिडकीची कडी आहे. मी कुलूपवाल्याकडून तिचे स्क्रू काढून घेतले. ती फक्त तुम्हाला. इथे आता खिडकी लावायची कोणाची कितीही इच्छा असली तरी ती लागत नाही.